कुंकवाचं पिस्तूल आणि चपटी गोळी

दसऱ्याला गावाच्या शिवेवर ज्याच्या हत्याराचा पहिला बार, तोच सोनं लुटायला पुढं. आमच्या गावची ही रीत, अन् हा मान बापापासून आमच्या घरी. शेजारच्या काकाच्या डोळ्यात तो सलायचा. त्याच्याजवळ ठासणीची बंदूक, माझ्याजवळ लायसनचं पिस्तूल. नवा महाराष्ट्र झाला तेव्हाची गोष्ट. मी गावचा पोलीस पाटील, शाळा चौथीपर्यंत. पण माझं हत्यार मीच खोलायचो, मीच पुसायचो.

त्या वर्षी गोळ्या संपल्या, देव्हाऱ्यात पूजेला ठेवलेल्या दोन सोडून. बुलढाण्याच्या दुकानात गोल टोकाच्या नव्हत्या, चपट्या टोकाच्या होत्या. दुकानदार म्हणाला, "पाटील, नंबर तोच हाय." मी घेतल्या.

दसऱ्याला बायकोनं पिस्तुलाची पूजा केली. हळद-कुंकू सढळ हातानं, मॅगझिनलासुद्धा टिळा. शिवेवर सगळा गाव गोळा झाला. मी बांधाच्या मातीकडं नळी धरून पिस्तुलाची वरची पट्टी मागं ओढून सोडली, तर गोळी वर येऊन मधेच अडकली.

काका हसला, "कुंकू गिळलं बे तुह्या पिस्तुलानं! सूनबाईनं घशात ओतलं वाटते."

लोक खो खो हसले. बायकोच्या हाताला बोल लागला, हे मला सोसलं नाही.

"कुंकवाचं काही नाही. गोळीचं तोंड चपटं हाय."

"हाव, आता गोळीले तोंड फुटलं! मी ठासतो माही बंदूक."

"ठास. तुही ठासून होईस्तोवर मी घरून येतो."

मॅगझिन काढून अडकलेली गोळी सोडवली अन् निघालो. गोळी का अडकली ते मला दिसलं होतं. मॅगझिनमधली स्प्रिंग गोळी वर लोटते, वरचे दोन ओठ तिला धरून टोक नळीकडं करतात. गोल टोक नळीच्या तोंडाचा उंबरा चढून सुळकन आत जाते, चपटं उंबऱ्यालाच धडकते. पेरताना तिफणीच्या चाड्यात, बी सोडायच्या वाटीत, ज्वारी सुळसुळ जाते. कापसाची लवदार सरकी शेणमातीत चोळली नाही तर अडते. चाडं वाईट नाही, सरकीही वाईट नाही. दोघांचं जमत नाही, एवढंच.

बायको दारातच उभी होती. "काहून परतले? बार तं ऐकू आला नाही."

"गोळी अडकली. लोक तुह्या कुंकवाले नाव ठेवून राह्यले."

तिचा चेहरा उतरला. "मंग पुसून टाका."

"पुसलं तं त्याहीचंच खरं होते. पूजेतल्या जुन्या गोल गोळ्या दे."

तिनं देव्हाऱ्यातल्या दोन गोळ्या दिल्या, अन् वरून मॅगझिनला आणखी एक टिळा लावला.

शिवेवर पोचलो तेव्हा काका ठासलेल्या बंदुकीवर बार पेटवायची टोपी बसवत होता. मी मॅगझिन सगळ्यांना दाखवलं, लालभडक. चपट्या काढून दोन गोल भरल्या, पट्टी ओढून सोडली, नळी बांधाकडं केली अन् ओढला खटका. धाड! लगेच दुसरा, धाड! बांधाची माती उडाली, पोरं नाचली.

काका बंदूक खांद्याला लावून तसाच उभा. "तुह्या बायकोच्या कुंकवात दारू हाय का बे?"

"तोंड गोल पाहिजे काका, बस्स."

सोनं लुटायला मीच पुढं गेलो.

पुढच्या दसऱ्याला सकाळीच काका बंदूक घेऊन आमच्या दारात.

"सूनबाई, इलेबी जरा कुंकू लाव वं. सढळ लाव."