पुण्याची पार्टी आणि ओला नॅपकिन

पाथर्डी फाट्याजवळचा तो फ्लॅट आम्ही दोनदा बघितला होता, दोन्ही वेळा सकाळी दहाला. आईला तो एकदा दुपारी बघायचा होता. सिडकोतलं आमचं भाड्याचं घर तळमजल्यावर होतं आणि समोरच्या बिल्डिंगमुळे तिथे ऊन येत नसे. पावसाळ्यात कपडे पंख्याखाली वाळायचे. त्यांना एक कुबट वास राहायचा. शाळेत मी मागच्या बाकावर बसायचे, त्याचं ते एक कारण होतं. गॅलरीत दुपारचं ऊन यावं, एवढीच आईची नव्या घराकडून अपेक्षा होती.

"वहिनी, ऊनच ऊन आहे," एजंट म्हणायचे. पण दुपारी दाखवा म्हटलं, की मालक चावी देत नाहीत, असं सांगायचे. मालक फार देवभोळे होते म्हणे. पोळ्याच्या अमावस्येला तर त्यांनी फ्लॅटचं कुलूपही उघडू दिलं नव्हतं. बाबांना मात्र अंबडच्या कंपनीत, ऐन कामात रोज फोन यायचा. "साहेब, घरचे समजून सांगतो, पुण्याची एक पार्टी मागे लागलीय." बाबा रिटायरमेंटला आले होते. हे घर हातचं गेलं तर दुसरं मिळणार नाही, असं त्यांनी मनात घेतलं होतं.

गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं एजंटच्या ऑफिसात बसलो होतो. बाबांनी चेकबुक टेबलावर ठेवलं होतं.

"आज टोकन द्या, घर तुमचं," एजंट म्हणाले. "उद्या अकराला पुण्याची पार्टी येतेय. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई चहाकडे बघत म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." हे वाक्य ती कधी म्हणते, ते मला माहीत आहे.

अनोळखी माणसांसमोर मी वाक्य आधी मनात दोनदा म्हणून बघते, आणि तोवर विषय बदललेला असतो. त्या दिवशी तो बदलला नाही, कारण सगळेच गप्प होते. तिथी वगैरे मला एरवी कळत नाहीत. माझ्या शाळेत महिने जानेवारीपासून सुरू व्हायचे. पण आजीच्या श्राद्धाला काय काय आणायचं, त्याची यादी आईने सकाळीच माझ्या मोबाईलवर पाठवली होती.

"काका," मी म्हणाले, "उद्यापासून पितृपक्ष आहे ना?"

"आयटीवाले आहेत ते, बेटा. तसलं काही मानत नाहीत."

"पण मालकांनी अमावस्येला कुलूप उघडू दिलं नव्हतं. ते पितृपक्षात टोकन घेतील?"

एजंटनी चष्मा काढून पुसला. "म्हणून तर म्हणतोय, आज उरकून टाका."

"पंधरा दिवस घर कोणालाच जाणार नाही," आई म्हणाली, "तर मग घाई कसली? घटस्थापनेला बघू."

"साहेब, तुमची मुलगी बोलत नाही म्हणाला होतात," एजंट बाबांना म्हणाले. बाबांनी चेकबुक खिशात घातलं आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "आणि गेलं तर?" भीती मलाही वाटत होती.

पाचव्या दिवशी एजंटचाच फोन आला. आवाज निवांत होता. "साहेब, या पंधरवड्यात आमच्याकडे कोण फिरकतंय? वहिनींना दुपारी बघायचं होतं ना, चावी घेऊन जा."

"पक्षात घर बघितलेलं चालतं का गं?" मी आईला विचारलं.

"बघायला काय होतंय," ती म्हणाली.

आम्ही तीनला पोचलो. आईने पिशवीतून एक ओला नॅपकिन काढला, घट्ट पिळला आणि गॅलरीच्या ग्रिलवर टाकला. मग आम्ही दोघी रिकाम्या हॉलमध्ये फरशीवर बसून राहिलो. ऊन हळूहळू आत आलं, माझ्या पायांपर्यंत, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. साडेचारला आईने नॅपकिन उतरवला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे दिला. त्याला कसलाच वास नव्हता.

घटस्थापनेला टोकन दिलं. "ती पुण्याची पार्टी काय म्हणतेय?" बाबांनी विचारलं. "त्यांचं लोन बसलं नाही," एजंट पापणीही न लववता म्हणाले आणि त्यांनी दुसरा पेढा उचलला. फ्लॅट चांगलाच होता. खोटी होती ती फक्त घाई.

आम्ही तिथे राहायला गेलो. परवा एजंट आमच्या समोरचा फ्लॅट दाखवायला एका जोडप्याला घेऊन आले होते. आमचं दार उघडंच होतं. "मुंबईची एक पार्टी तयार आहे," ते सांगत होते. ती बाई माझ्यासारखीच गप्प होती. आईने त्या सगळ्यांना पाणी दिलं. मला मनात काहीच म्हणून बघावं लागलं नाही.

"दुपारी तीनला या," मी तिला म्हणाले, "आणि येताना एक ओला नॅपकिन आणा."