नोंदवहीत लिहिलेलं माहेर

ये माय, जवळ ये. तू तिकडं संभाजीनगरला होस्टेलात बसलीयस, हे मला काय ठाऊक नाही होय? पण कागदावर तरी जवळ येता येतं ना. कान इकडं कर. आधी तुला रागावून घेते, मग बाकीचं सांगते.

नाताळला आलीस. करंज्या खाल्ल्यास, दारातली चांदणी वाकडी झाली म्हणून स्टुलावर चढून सरळ केलीस, आणि जेवता जेवता म्हणालीस, "आज्जी, परदेशातून येऊन कागदाशिवाय राहणाऱ्यांना परत पाठवायलाच पाहिजे. कायदा म्हणजे कायदा. त्यात येशूला मधे आणायचं नाही." वकिलीचं शिकतीस, तेव्हा विचार करूनच बोलत असशील. पण तुझ्या समोर ताटावर कोण बसलं होतं ते बघितलं नाहीस बाळा. तिच्या हातातला घास हातातच राहिला. मी गप्प बसले, कारण घरभर पाहुणे होते आणि खरं सांगते, मला तोंडही नव्हतं. का ते आता वाच.

तू जिला मामी म्हणतीस ना, आपल्या ख्रिस्ती देवळामागच्या घरातली, ब्लाऊज शिवणारी, ती नेपाळची नाही. सगळं गाव तिला नेपाळीण समजतं, भाजीवाला तर "काय नेपाळी वहिनी" म्हणूनच मेथी देतो. ती फिलिपाइन्सची. आपल्याच गल्लीतला पोरगा आखातात गाडी चालवायला गेला होता, ती तिथल्या दवाखान्यात साफसफाईला होती. तिकडं सुटी शुक्रवारी, म्हणून आपली उपासनाही शुक्रवारीच; तिथं दोघांची गाठ पडली, तिथंच लग्न लागलं, आणि तो तिला घेऊन आपल्या तालुक्याच्या, वाशीच्या स्टँडवर उतरला तेव्हा तिच्या अंगावर स्वेटर होता. मे महिना! कुणीतरी तिला सांगितलं होतं, भारतात थंडी असते.

आपल्या देवळाच्या मंडळीची रीत तुला ठाऊक आहे. नवी सून आली की पहिल्या रविवारी तिचं नाव नोंदवहीत चढतं, आणि नावापुढं माहेरचा रकाना असतो. ती वही माझ्याकडं असते. मी शाळेत गेले नाही, गायनाच्या पुस्तकावर बोट ठेवून अक्षरं शिकले, पण अक्षर वळणदार म्हणून पाळकसाहेबांनी वही मला दिली ती कायमचीच. तर त्या रविवारी मी विचारलं, "माहेर कुठलं लिहू?" नवऱ्यानं तिच्या गावाचं नाव सांगितलं. मला काही ते कागदावर उतरंना. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं, लोक हसायला लागले. पोरीला वाटलं तिलाच हसतात. खाली मान घालून रडायला लागली. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी लेखणी टेकवली आणि तिच्या माहेरच्या रकान्यात माझंच घर लिहिलं. माझं नाव, आपलं गाव.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि नुसतं लिहून राहिलं नाही बरं का. पहिल्या नाताळला सून माहेरी जाते. ही कुठं जाणार? माझं घर तिच्या घरापासून दोन दारं सोडून. तर नवऱ्यानं तिला मोटरसायकलवर बसवलं, मांडीवर पिशवी, डोक्यावर पदर, आणि सगळ्या गावाला वळसा घालून, वेशीबाहेर जाऊन, माझ्या दारात आणून सोडलं. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. ती म्हणाली, "आई, प्रवास लई लांबचा झाला." तेवढंच मराठी तिला येत होतं, त्यानं पाठ करून घेतलेलं. हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

तो होता तोवर कागदाचं ओझं त्याच्यावर होतं. दर वर्षी तो तिला धाराशिवला पोलिसांच्या कचेरीत घेऊन जायचा. परदेशी माणसाची तिथं नोंद असते, व्हिसा वाढवून घ्यावा लागतो. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. आम्हाला वाटायचं, जोडीनं फिरून येतात. मग त्याला कावीळ झाली आणि महिन्याभरात तो गेला. त्यांची मुलगी तेव्हा अंगणवाडीत.

त्यानंतर आम्ही सगळं केलं. दळण दिलं, शिलाई मशीन दिली, पोरीला शाळेत घातलं. एक गोष्ट केली नाही. तिचा पासपोर्ट पत्र्याच्या डब्यात पडून राहिला. व्हिसा संपला, मग पासपोर्टही संपला. कुणाच्या मनातच आलं नाही. आपल्या नोंदवहीत नाव आहे, माहेर इथलं आहे, आता ती परकी कशी? अशी आमची समजूत. ही चूक आपल्यासारखे लोकच करू जाणोत.

आणि पुढची चूक माझ्या एकटीची.

तिचं नाव रेशनकार्डात चढवायचं होतं, त्यासाठी जन्मदाखला मागितला. तहसिलीबाहेर लिंबाखाली एकजण टेबल टाकून अर्ज लिहून द्यायचा. तिनं त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "असं लिहिलं तर आयुष्यभर चकरा मारताल. देवळात काही जुनी नोंद हाय का?" आम्ही वही दाखवली. त्यानं माहेरच्या रकान्यावर बोट ठेवलं, "हे काय, हाय की!" आणि एक कागद लिहिला, सदर महिलेचा जन्म याच गावी झाला आहे, मंडळीच्या नोंदीवरून खात्री देते. खाली माझ्या सहीला जागा.

चष्मा डोळ्यावर होता माझ्या. कुणी फसवलं नाही. मी तो कागद दोनदा वाचला. मनात म्हटलं, माहेर तर मीच दिलंय, मग जन्मही दिला असं समजू. आणि सही केली. वळणदार.

त्या सहीवर तिला जन्मदाखला मिळाला. मग तू नाताळला बोलून गेलीस आणि पंधरा दिवसांत गावचा कोतवाल तहसिलीची चिठ्ठी घेऊन आला. तालुक्याला उशिरा काढलेले जन्मदाखले पुन्हा तपासायला घेतलेत, मूळ नोंदवही घेऊन हजर राहा.

त्या रविवारी उपासना झाली तरी कुणी घरी गेलं नाही. देवळाच्या ओट्यावर सगळे बसले. ती मुलीला घेऊन एका कडेला.

पाळकसाहेब म्हणाले, "वही जुनी आहे. वाळवी लागली, फेकून दिली, असं सांगू."

मी म्हटलं, "साहेब, ह्याच ओट्यावरून मागल्या रविवारी खरं बोलायचा उपदेश केलात. माझ्या कानात अजून ताजा हाय."

ते बिचारे लाल झाले. भले माणूस आहेत, तिच्या काळजीनंच बोलत होते.

आपले गुरुजी उठले, निवृत्त शिक्षक, सगळ्यांना अजून विद्यार्थीच समजतात. "सत्ता देवानं नेमलेली असते. कायदा मोडला तर मोडला. तिनं आपल्या देशी जावं. आपण प्रार्थना करू."

"आणि पोरगी?" मी विचारलं. "ती इथं जन्मली. तिला मराठीबिगर काय येतं? तिच्यासाठी पण प्रार्थनाच करायची का?"

गॅरेजवाला पोरगा म्हणाला, "वसईकडं माझे मेव्हणे हायत. तिकडं आपले लोक लई. मिसळून जाईल, कुणी विचारणार न्हाय."

आणि मागून एक बाई हळूच म्हणाल्या, "आपण बारा घरं. उद्या पेपरात आलं तर म्हणतील, बघा, हे लोक बाहेरच्यांना लपवतात." त्यांच्यावर कुणी ओरडलं नाही. ती भीती सगळ्यांच्याच मनात होती. माझ्याही.

मी गुरुजींना विचारलं, "गुरुजी, नाताळला आपण दर वर्षी नाटक बसवतो. त्यात दिवस भरलेली बाई कशासाठी एवढ्या लांब जाते?"

"शिरगणतीला. नाव नोंदवायला. राजाचा हुकूम होता."

"व्हय. पोटुशी असून गेली, हुकूम पाळला. आणि तेच लेकरू जरा मोठं झाल्यावर ते घरदार कुठं गेलं?"

गुरुजी म्हणाले, "परमुलखात. राजा जिवावर उठला म्हणून."

"तिथं त्यांना कुणी आसरा दिलाच असंल की. मग एकाच घरानं दोन्ही केलं ना गुरुजी? नाव पण नोंदवलं, आणि परक्या दारात जाऊन पण राहिलं. तुमी एक अर्धं धरलंय, ह्या गॅरेजवाल्या पोरानं दुसरं अर्धं धरलंय. मला दोन्ही पाहिजे."

गुरुजी म्हणाले, "तुम्हाला शाळेत घातलं असतं तर तुम्ही आम्हाला भारी पडला असता."

"आता काय हलकी पडले का?" मी म्हटलं. थोडे लोक हसले. तेवढ्यात कडेला बसलेली ती उठली. तिचं मराठी आता आपल्याइतकंच झालंय. म्हणाली, "आई, मला लपवू नका. मी लपले तर पोरीला पण लपावं लागंल. ती शाळेत पहिल्या बाकावर बसती. तिला मागं बसवू नका."

मी वही पदरात घेतली आणि सांगितलं, उद्या सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी धाराशिवला जातो. तालुक्याची चिठ्ठी आहेच, पण आधी जिथं हिचा नवरा जायचा तिथं जायचं. खोटी सही माझी आहे. ती मी माघारी घेणार.

येरमाळ्यापर्यंत उभ्यानं गेलो. तिथं जागा मिळाली. वाटेत ती एकदाच बोलली, "आई, पाठवलं तर?" मी म्हटलं, "पाठवलं तर बघू. पण विचारल्याबिगर पाठवणार न्हाईत, आणि विचारलं तर मी शेजारी उभी असंन." ह्यापेक्षा जास्त माझ्याकडं काही नव्हतं.

कचेरीत एक हवालदारीणबाई होती, तुझ्याच वयाची. मी वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "बाई, मी खोटी सही केलीय. ती सांगायला आले."

तिनं खुर्ची पुढं सरकवली. "आज्जी, असं कुणी सांगत येतं का? बसा, पाणी प्या आधी."

"पाणी मागनं. आधी लिहून घ्या, मी इसरायच्या आत."

मग तिनं सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. माहेरचा रकाना दाखवला. मोटरसायकलवरून गावाला वळसा घातल्याचं सांगितलं तेव्हा ती तोंडावर हात धरून हसली. पण साहेब आले ते हसले नाहीत. म्हणाले, "माया वेगळी, दाखला वेगळा. तुमच्या सहीवर दुसरं कुणी आलं असतं, वाईट हेतूनं, तर?"

मी म्हटलं, "साहेब, तुमचं बरोबर हाय. म्हणूनच आले. पण आता माझं पण ऐका. खोटा कागद फाडा, मला जी काय शिक्षा असंल ती द्या. पण खरा कागद मिळायचा रस्ता हिला दाखवा. ती लग्न करून, व्हिसा घेऊन, समोरच्या दारानं आली होती. दार आम्ही लावून घेतलं, आमच्या अडाणीपणानं."

साहेब बराच वेळ जुन्या फायली बघत होते. तिच्या नवऱ्याच्या हातचे अर्ज निघाले, दर वर्षीचे. ते बघून ती रडली. तिला त्याचं अक्षर कित्येक वर्षांनी दिसलं.

एवढं झालं, पुढचं अजून लटकलंय. जन्मदाखला रद्द करायला मी प्रतिज्ञापत्र दिलं. तिची नोंद नव्यानं झाली, आणि अर्ज वर गेलाय, भारतीय नवऱ्याची विधवा आणि इथं जन्मलेल्या मुलीची आई म्हणून राहू द्यावं असा. काय होईल ते साहेबांनाही सांगता येत नाही. जिल्ह्याबाहेर जायचं तर त्यांना कळवून जायचं. आणि पहिली अट, पासपोर्ट नवा पाहिजे. त्यासाठी दिल्लीत तिच्या देशाची कचेरी आहे, तिला इंग्रजीत पत्र लिहायचंय. पाळकसाहेबांनी लिहिलं, पण त्यात अर्धा स्तोत्रपाठच झालाय. माझाही जबाब पुढच्या महिन्यात आहे. गुन्हा दाखल होईल का, ठाऊक नाही. झाला तर झाला. सही माझी होती.

वहीचं काय केलं, विचारशील. माहेरच्या रकान्यात मी काही खोडलं नाही. पाळकसाहेबांना विचारून शेजारी एक ओळ घातली, जन्म फिलिपाइन्स देशी, आणि तिच्याकडून तिच्या गावाचं नाव एकेक अक्षर विचारून लिहिलं. ह्या वेळी उतरलं. एवढं काही अवघड नव्हतं गं. त्या दिवशी नीट ऐकलं असतं तर हा फेरा वाचला असता.

तर बाळा, तू म्हणालीस कायदा म्हणजे कायदा. मी त्याला नाही म्हणत नाही. मी स्वतःच्या पायानं त्याच्या दारात जाऊन आलेय. पण कायदा ज्याच्यावर चालतो त्याचं तोंड बघून बोलावं एवढंच माझं म्हणणं. मामी तुझ्यावर रागावली नाही. विचारत होती, "वकीलबाई पत्र लिहून देईल का?" मी म्हटलं, ती माझी नात आहे, येईल.

म्हणून ये. परीक्षा झाली की नको, त्याच्या आधीच ये, माझ्या जबाबाच्या आधी. शनिवारी निघालीस तरी चालेल. कागद सगळे एका पिशवीत लावून ठेवलेत. मामीनं तुझ्यासाठी भात तिच्या पद्धतीनं करायचा ठरवलाय, नारळ घालून. तिच्या समोर बसून जेव, आणि मग पेन काढ. वाशीला उतरलीस की फोन करू नकोस, सरळ घरी ये. दार उघडंच असतं.