इक्बालचाचांचा प्रिंटर

...तर मयुरेश टेबलाखाली शिरला, इथवर काल आलो होतो. पाय तेवढे बाहेर, बाकी सगळा आत, आणि इक्बालचाचा त्या पायांशीच बोलतायत, "अरे बाबा, चहा वर ठेवलाय, गार होईल." हा मयुरेश पुण्याचा. ऑफिसांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून देणं हा त्याचा धंदा.

काल जे लवकर उठून गेले त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगतो. चाचा म्हणजे इक्बाल परकार, आपल्या खेडकडचे. बहरीनला गेले तेव्हा मिशा काळ्या होत्या, आता मेंदी लावतात. बाब अल बहरीन नावाच्या वेशीमागच्या गल्लीत तय्यबाचं कार्गोचं ऑफिस आहे. तिकडची माणसं घरी खोकी धाडतात ना, ब्लँकेटं, साबण, दुधाची पावडर, त्या खोक्यांचे कागद चाचांकडे. बायकामुलं खेडला. संध्याकाळी खोलीवर गेलं की बोलायला टीव्ही, आणि तो काही उत्तर देत नाही. म्हणून दिवसाचं सगळं बोलणं चाचा ऑफिसातच उरकून घेत, आणि ते जमे प्रिंटरच्या जिवावर.

ऑफिसातला एकुलता एक प्रिंटर चाचांच्या टेबलावर, मागच्या खोलीत. ज्याला कागद हवा त्यानं पेन ड्राइव्ह घेऊन तिथं यायचं. यायचं म्हणजे बसायचं. बसलं की खजूर. खजूर तोंडात गेला की चाचांचा प्रश्न, "घरी सगळं बरं?" कुणाची आई सलमानिया हॉस्पिटलात ॲडमिट आहे, कुणाचा व्हिसा अडकलाय, ऑफिसातल्या निदानं कुठला पोरगा नाकारला, सगळी खबर चाचांना.

एक दिवस तय्यबा म्हणाली, "चाचा, एका कागदापायी माझी माणसं तुमच्याकडे तास तास बसतात. बाहेर गिऱ्हाईक खोक्यावर बसून पेंगतं. मी मयुरेशला बोलावलंय. जो तो आपल्या जागेवरून प्रिंट देईल. आणि प्रिंटर नेऊ काउंटरवर."

चाचांना वाटलं, प्रिंटर गेला तर ह्या खोलीत येणार कोण?

त्यांनी मयुरेशला धरलं. म्हणजे खजूर दिले, चहा दिला, घरचं विचारलं, आणि मग हळूच म्हणाले, "हा प्रिंटर माझ्याच कॉम्प्युटरला राहू दे ना. इथूनच सगळ्यांना वाटून दे."

मयुरेश म्हणाला, "होतं तसं, पण चाचा, मग तुमचा कॉम्प्युटर सतत चालू ठेवावा लागेल."

"चालूच असतो! मी खुर्चीत आहे तोवर एक क्षण बंद नसतो."

खाल्ल्या खजुराला जागून मयुरेशनं तय्यबाला पटवलं. काही दिवस असं चालवून बघू, अडलं तर प्रिंटर काउंटरवर. मग वायरी ओढल्या, ते टेबलाखाली शिरणं तेव्हाचं. चाचांचं म्हातारं डेस्कटॉप, काउंटरचं त्याहून म्हातारं, तय्यबाचा लॅपटॉप आणि निदाचं मॅक. पहिले तिघे कसेबसे एकमेकांना ओळखू लागले. मॅक मात्र सासरी आलेल्या पोरीसारखं घुम्मं. निदानं प्रिंट दिली की पानभर नुसती चिन्हं.

चाचांनी पान उलटं धरून पाहिलं. "निदा, हे अरबी नाही, उर्दू नाही. तुझ्या मॅकची तब्येत बरी आहे ना?"

"चाचा, प्लीज!" निदा म्हणाली.

मयुरेशनं मॅकचीही समजूत काढली. सगळं सुरळीत. लोक आता कागद उचलायलाच येत, पण चाचा कागद हातात देतच नसत. आधी खजूर, मग कागद.

आणि मग दुपारी दुपारी प्रिंट बंद पडू लागली. काउंटरवरून ओरडा व्हायचा, "नेटवर्क गेलं!" पुन्हा क्लिक, पुन्हा क्लिक. मयुरेशला फोन. तो राहायचा तिकडच्याच जनाबियात, तिथून गाडी हाकत यायचा, तोवर सगळं चालू. साठलेल्या प्रिंट धडाधड बाहेर पडायच्या, एकाच खोक्याची लेबलं इतकी की खोकं त्यातच गुंडाळावं. चाचा ढीग बघून खूश, "बघ तय्यबा, काय काम करतोय आपला प्रिंटर!"

मयुरेशनं वायर बदलली. सगळ्या वायरी जिथं येतात तो मधला डबा बदलला. मॅकवर संशय घेतला, निदाशी भांडला. शेवटी तो दुपार व्हायच्या आत येऊन मागच्या खोलीतच बसला.

जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची अजान झाली. चाचा उठले. कॉम्प्युटर बंद केला. भिंतीवरचं बटण बंद केलं. एवढ्यावर भागेना म्हणून वाकून प्लगही काढला, आणि टोपी घालून शेजारच्या मशिदीकडे निघाले.

"चाचा!" मयुरेश किंचाळला. "हे काय केलंत?"

"काय केलं? माणूस घराबाहेर पडताना बटण बंद करतो. खेडला माझी अम्मा ह्यावरून कानफटात द्यायची."

"पण तुम्ही म्हणालात सतत चालू असतो!"

"मी खुर्चीत असताना म्हणालो होतो. आता आहे का खुर्चीत?"

तय्यबा दारात येऊन सगळं ऐकत होती. हसावं की रागवावं, तिला कळेना. चाचा नमाज पढून आले तोवर मयुरेशनं प्रिंटरच्या पाठीतल्या भोकात सरळ नेटवर्कची वायर खुपसली होती. आता चाचांचा कॉम्प्युटर चालू असो, बंद असो, प्रिंटरला त्याचं सोयरसुतक नाही.

"म्हणजे आता हा कुठंही ठेवता येईल?" तय्यबानं विचारलं.

"वायर पोचेल तिथं," मयुरेश चाचांकडे न बघता म्हणाला.

"मग काउंटरवर. ठरलं होतं तसं."

 चाचा खजुराचा डबा नुसता हातात धरून उभे. तय्यबा जवळ आली. सगळ्या ऑफिसात तिला लहानपणापासून ओळखणारं हे एकच माणूस.

"चाचा, रागावलात? काहीतरी बोला ना."

"रागावू कशाला, पोरी? ह्या मयुरेशला सांग, काउंटरपर्यंत दोन वायरी ओढ म्हणावं, एक प्रिंटरची, एक माझ्या कॉम्प्युटरची. खुर्ची मी माझी उचलून आणतो, आणि तिथं गिऱ्हाईकंसुद्धा बसलेली असतात, म्हणजे उद्यापासून खजूर जास्त लागतील!"