वेचून दाखवा

तेलंगणात आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले त्या साली तामसी गावच्या मनकर्णाचा खांदा आखडला. तेल चोळून गुण येईना, तेव्हा तिचा नवरा धोंडीबा शहरात विचारत फिरला आणि भिंतीवर डिग्री लावलेला फिजिओथेरपिस्ट पाहूनच तिला घेऊन गेला. तो स्वतः बाहेर बाकावर बसला.

डॉक्टरने ना सुई दिली, ना गोळी. तिच्या कमरेला चादरीची ओटी बांधली, टेबलावर कापसाचे बोळे मांडले अन् म्हणाला, "वेचून दाखवा." कापूस वेचूनच खांदा गेलेली बाई पार चक्रावली. तरी वेचत राहिली. तो नुसता तिचा खांदा न्याहाळत होता.

बसमध्ये धोंडीबाने विचारलं, "काय केलं डॉक्टरनं?"

"मले तर काईच समजलं नाई. पण तीस वर्षं तुमी कापूसच पाह्यला. मी येचतो कशी, हे त्यानंच पाह्यलं."