शेवळांच्या उतारावर अकेशिया

मी सोलापूरकडचा. नोकरीसाठी बोईसरला आलो, सालवडला खोली घेतली आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं. आमच्या गावाकडे उन्हाळ्यात सावलीसाठी अर्धा कोस चालावं लागे. त्यामुळे इथलं हिरवेपण मला कधी अंगवळणी पडलंच नाही, त्याची धास्तीच जास्त वाटे. एक दिवस हेही आपल्या गावासारखं होईल, असं मनात येत राही. गेल्या काही वर्षांत उन्हाळे खरोखरच अंगावर यायला लागले, तेव्हा ती धास्ती वाढली.

निवृत्तीच्या आधी आम्ही चार-पाच सहकारी सुट्टीच्या दिवशी झाडं लावायला लागलो. जागा मिळाली मासवणजवळ, एका शेतकरी कुटुंबाची. भातशेतीच्या वरचा माळउतार होता तो, गवताचा आणि झुडपांचा. मालकीण साठीच्या पुढची बाई. मी तिला मावशी म्हणे, ती मला सायेब. पावसाच्या तोंडावर ती बोईसरच्या बाजारात शेवळं विकायला बसायची. जमिनीतल्या कंदातून वर येणारे ते तपकिरी कोंब माझ्या बायकोला तिनेच शिजवायला शिकवले होते. शेवळांत काकडाची आंबट फळं घालायचीच, नाहीतर घसा खवखवतो, हेही तिनेच सांगितलं.

दोन वर्षं आम्ही ऐन, करंज, काकड अशी इथलीच रोपं लावली. दोन्ही वर्षी मेपर्यंत बहुतेक वाळली. मी म्हणालो, ऊन वाढलंय, ही झाडं आता टिकायची नाहीत. खरं तर आम्ही रोपं लावली होती उशिरा, श्रावण सरल्यावर. कुंपण घातलं नव्हतं, त्यामुळे शेळ्यांनी शेंडे खाल्ले होते. पण रोपं का मेली हे मी तपासलंच नाही. प्रयोगशाळेत एखादा नमुना असा तपासल्याशिवाय मी कधीच फेकून दिला नसता.

मग मी अकेशियाचा आग्रह धरला. ऑस्ट्रेलियातलं झाड, कमी पाण्यात वाढतं, ऊन सोसतं. ते आधी सावली धरेल, मग त्याच्या आडोशाला इथली झाडं येतील, असं मी सगळ्यांना पटवलं. मावशीलाही.

"ही झाडं कुटली?" तिने विचारलं.

"लांबची. पुढच्या उन्हाळ्यांत हीच तगतील."

"आनि आमची?"

"तुमची नाही तगणार, मावशी."

तिने उताराकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "तुमी शिकलेले. तुमाला कळतं. फक्त त्यो काकड ठेवा."

काकडाचं जुनं झाड नेमकं जेसीबीच्या वाटेत होतं. आम्ही ते तोडलं. फांद्या तिच्याच घरी जळणाला पोचवल्या, आणि तेवढ्यावर माझं समाधान झालं.

खड्डे खणताना मातीतून बटाट्यासारखे कंद उडत होते. मावशी खाली बसून ते पदरात वेचत होती. शिजवायला नेत असेल, असं मला वाटलं. मी विचारलं नाही.

अकेशिया जगला. तीन वर्षांत डोक्यावर गेला. माझ्या निवृत्तीच्या समारंभात त्या उताराचा मोठा फोटो लावला होता. मला शाल मिळाली, भाषण करायला सांगितलं, आणि मी चांगली वीस मिनिटं बोललो.

पुढच्या ज्येष्ठात बाजारात गेलो, तर मावशी कोथिंबीर आणि मिरच्या घेऊन बसली होती. वाडीतल्या नव्हत्या, ठोक बाजारातून आणलेल्या.

"शेवळं नाही आणली यंदा?"

"तीन वरसं झाली, नाय आनली. तुमी आलाच नाय इकडं." आवाजात राग नव्हता. "त्या झाडांखाली काय येतंय, सायेब?"

दुसऱ्याच दिवशी मी मासवणला गेलो. रांगेतल्या झाडांखाली चामड्यासारखी सुकी पानं घोट्यापर्यंत साचली होती. ती कुजत नव्हती. काठीने बाजूला सारली तर खाली उघडी माती. अकेशियाच्या आडोशाला जी इथली झाडं येणार होती, त्यातलं एकही रोप तिथे नव्हतं. ओहळाच्या पलीकडचा उतार आम्ही पैशांअभावी सोडून दिला होता. तिथे ऐनाच्या जुन्या खुंटांना फुटवे आले होते, माझ्याहून उंच. तेच उन्हाळे त्यांनीही काढले होते.

मी मावशीच्या घरी गेलो आणि म्हणालो, "माझं चुकलं."

ती म्हणाली, "च्या घ्या आधी."

मी अकेशिया काढू म्हणालो, तर तिचा मुलगा म्हणाला, झाडं आता कापायची नाहीत, लाकडाला गिऱ्हाईक आहे, अजून दोन वर्षं वाढू द्या. त्याचंही बरोबर होतं. शेवटी ओहळाकडची एक पट्टी मोकळी करायला तो तयार झाला. मी पानं ओढून काढली. मावशीने परसातून कंद आणले, तेव्हा कळलं की त्या दिवशी वेचलेले तिने जपून लावले होते. तिचे गुडघे गेले होते. ती जमिनीवर बसून सरकत सरकत कंद पुरत गेली. किती खोल, कोणती बाजू वर, हे मला दाखवत होती.

पुढच्या वर्षी त्या पट्टीत सात शेवळं आली. तिने ती उपटू दिली नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी ती बघायला मावशी नव्हती.

आता अकेशियाचं बी ओहळ ओलांडून पलीकडे रुजतंय. भाद्रपदात माती मऊ असते, तेव्हा मी दर रविवारी जाऊन रोपं उपटतो. वय झालंय, निम्मीसुद्धा होत नाहीत.

गेल्या महिन्यात बोईसरच्या एका सोसायटीतून एका तरुण बाईंचा फोन आला. उष्णता वाढतेय, डोंगरावर कोणतं झाड लावावं, असं त्या विचारत होत्या. मी म्हणालो, आधी वर्षभर त्या जमिनीच्या माणसांबरोबर फिरा, कुठे काय उगवतं ते विचारा. त्या नम्रपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हो काका, पण झाड कोणतं?"

मी सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा फोन केला नाही.