कॅरमच्या पावडरीनं दाखवलेली भेग

मंडळी, उद्या गुरुवार, म्हणजे लाइट जाणार. सातव्या मजल्यावरच्या आजींचं ऑक्सिजन मशीन सोसायटीच्या जनरेटरवर, आणि जनरेटरची ऑइलची टाकी गळत होती. मी दोनदा इपॉक्सी, म्हणजे भेगा बुजवायचा चिकट लेप, थापली, दोनदा निघाली.

आज सकाळी शेजारच्या कांबळेकाकू खाली आल्या. कारखान्यातून रिटायर झालेल्या. "अहो, तेलावर काय चिकटणार? आणि भेग कुठंय, ते तरी पाहिलंत का?"

टाकी थिनरनं लख्ख पुसून त्यांनी कॅरमची पावडर भुरभुरली. दोन मिनिटांत झिरपत्या तेलाची केसाएवढी काळी रेघ उमटली, माझ्या लेपापासून चार बोटं लांब!

मग टाकी रिकामी केली, घासली, पुन्हा पुसली, आणि त्यांनी इपॉक्सी लावली. संध्याकाळी तेल भरून जनरेटर चालवला. टाकीखाली अंथरलेला कागद कोरडा!

काकू कारखान्यात काय करायच्या, हे मी नऊ वर्षांच्या शेजारात आज पहिल्यांदा विचारलं. तुमच्या शेजारी कोण राहतं, माहितीये?