शालूची अर्धी तान

किसनराव पातूरचे. थोडी शेवंती, बाकी भाजीपाला. अकोल्यात एक शास्त्रीय संगीताची सभा भरते, तिथल्या बैठकीचे हार त्यांच्याच मळ्यातून जात. बायको शालू सोबत यायची आणि हार देऊन झाले तरी हलायची नाही. दाराशी चपलांजवळ बसून ऐकायची. मग आठवडाभर फुलं तोडता तोडता भुलाबाईची, पोरींच्या खेळातली गाणी त्याच वळणानं घोळवायची. शेजारच्या पोरी हसायच्या, "मावशी, भुलाबाईले कोन अशा ताना मारते वं?"

"मले एकडाव आत बसून गाऊ देतीन का हो थे लोकं?" असं तिनं विचारलं, तेव्हा किसनराव हसले होते. पुढे दवाखान्यात तिची पार काडी झाली, तेव्हा मात्र हात धरून म्हणाले, "तुहं गानं मी सभेत लावतोच." माणूस गेलं की दिलेला शब्द लई जड होतो, बाप्पा.

वर्षश्राद्ध झालं. पुढच्या बैठकीला किसनरावांनी हार ठेवले आणि मोबाईल पुढे केला. मुलगी रागिणीनं मळ्यात टिपलेलं शालूचं गाणं होतं त्यात. "येवढं ऐका जी. मंग तुमची बैठक करा."

सभा चालवणारे गजेंद्रसर भला माणूस. त्यांनी मोबाईल स्पीकरला जोडला. शालूचा आवाज अख्ख्या खोलीत भरला.

दोन ओळी होत नाहीत तोच वाद पेटला.

"हा तर पिलू राग आहे!" गजेंद्रसर म्हणाले.

"असेल. म्हणून भुलाबाईचं गाणं शास्त्रीय होतं का?" धर्मपाल वकील उसळले. "उद्या लग्नातला बँड आणाल."

"आणि तुमची ठुमरी काय आभाळातून पडली?" गाण्याचे वर्ग घेणाऱ्या दामिनीताई म्हणाल्या.

अरे, मेलेल्या बाईचं गाणं चालू आहे, आधी ऐका तरी! पण ऐकतो कोण?

शेवटी शालूची एक तान सुरू झाली, तसा दामिनीताईंनी हात वर केला. "थांबा. ही तान परत मुखड्यावर, पहिल्या ओळीवर, कशी येते तेवढं ऐकू. नीट आली, तर बाईंचं गाणं या सभेचं. मी भांडेन सगळ्यांशी."

सगळे स्पीकरकडे वळले. किसनराव मात्र दचकून उठले. घरी ते गाणं नेमकं इथंच बंद करत. "बस जी, बंद करा आता!" पण मोबाईल गजेंद्रसरांच्या हातात होता. तान वर चढली, वळली, आणि स्पीकरमधून किसनराव स्वतःच खेकसले, "बस कर वं आता! गाडी चुकन. फुलं काय तुहा बाप नेईन?"

मग टोपलं उचलल्याचा आवाज, आणि संपलं.

"अर्धवट आहे हो," वकील हळूच म्हणाले. "यावर काय ठरवायचं?"

"पुढचं कुठे आहे, किसनराव?" दामिनीताईंनी विचारलं.

"पुढचं मीच नाई गाऊ देल्लं."

मोबाईल घेऊन ते दाराशी गेले आणि शालू बसायची तिथंच, चपलांजवळ बसले. धाय मोकलून रडले. दामिनीताई मागोमाग आल्या. "असं मनाला लावून घेऊ नका. गाडी होती, तुम्ही तरी काय करणार?"

"गाडी तं त्या दिवशी तासभर आलीच नाई, ताई. स्टँडवर बसलो होतो दोघं. थे गुमान बसली होती. मले म्हनता आलं असतं, गा वं आता."